तुरीत कोन हाये?

माझा आवाज मोठा आहे, हे मला कुणी सांगायची गरज नाही. माहेरी बोरी अरबला मी अंगणातून धाकट्या बहिणीला हाक मारली की बाजारात बसलेल्या मावश्या तिला म्हणायच्या, "जाय वं माय, तुह्या घरून बलावनं आलं." लग्न होऊन झरी जामणीकडच्या या जंगलाला लागलेल्या गावात आले, तर नवरा मिळाला तोही माझ्या वरताण आवाजाचा. तोंडावर मी त्याला 'अवो' म्हणते, 'तुमी' म्हणते. लिहिताना 'तो' म्हणते. लिहिताना तो कुठे ऐकतोय!

आमच्याकडे पीक उभं राहिलं की रात्रीची जागल आलीच. ज्याच्या त्याच्या वावरात लाकडाचा मचान असतो, आणि रात्री एकानं हाळी दिली की शेजारच्या मचानावरच्यानं उलटी द्यायची. हाळीनं डुकरं पळतात, रोही म्हणजे नीलगाई पळतात, पण ती नुसती जनावरांसाठी नसते. अंधारात धुऱ्यावरून, बांधावरून चालणारा माणूस खोकतो, नाहीतर 'मी हाये रे' म्हणतो. जो बोलतो तो माणूस आणि जो बोलत नाही ते जनावर, एवढा साधा हिशेब. न बोलणाऱ्यावर गोफणीचा दगड येतो. माझ्या नवऱ्याची हाळी नाल्यापलीकडच्या कोलामपोडापर्यंत, कोलामांच्या वस्तीपर्यंत जायची. तिथली म्हातारी माणसं म्हणायची, याची हाळी आली की आम्ही कूस बदलतो.

मग त्याच्या गळ्यात गाठ आली. यवतमाळला ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो. शुद्धीवर आल्यावर त्यानं मला हाक मारायला तोंड उघडलं आणि नुसता वारा आला. आवाजाची नस गाठीला चिकटलेली आहे, असं होऊ शकतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. सांगितलेलं ऐकून माणूस तयार होतो का? मी दवाखान्याच्या जिन्यात बसून तोंडात पदर कोंबून रडले, कारण माझं रडणंसुद्धा मोठ्यानं असतं.

तो वारा तेवढा राहिला. अगदी शेजारी बसलं तर काय म्हणतो ते कळतं. पंखा चालू असला तर तेही नाही. तेव्हापासून त्याचं बोलणं माझ्याकडे आलं. फोनवर मी, बँकेत मी, रेशनच्या दुकानात मी. त्यानं ओठ हलवायच्या आत माझं उत्तर गेलेलं असतं. कधी तो कपाळाला हात लावतो, म्हणजे मी चुकीचं सांगितलंय. आता सांगितलं तर सांगितलं, म्हणते मी, मागे लोक खोळंबलेत.

जागलीला मात्र तो जातोच. हाळीच्या जागी तेलाचा रिकामा डबा घेतलाय, तो काठीनं बडवतो. त्याचा डबा वाजला की शेजारच्या वावरातून भाऊजींची हाळी येते. भाऊजी म्हणजे त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. ऑपरेशनच्या वेळी यवतमाळच्या सगळ्या खेपा त्यांनीच केल्या, दवाखान्याच्या व्हरांड्यात चादर टाकून झोपले. त्यांच्याबद्दल माझ्या तोंडून वाईट शब्द निघायचा नाही. तरी मी त्यांच्याशी भर सभेत भांडले, त्याचीच ही गोष्ट आहे.

झालं असं, की त्या साली डुकरांनी अगदी कहर केला. पऱ्हाटीतून कापूस वेचणाऱ्या एका बाईची मांडी डुकरानं फाडली. आमच्या भुईमुगाच्या रांगाच्या रांगा नांगरल्यासारख्या उलथून टाकल्या. मी धुऱ्यावर उभी राहून त्या डुकरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, म्हणजे मला डुकरांचा पुळका नाही, हे आधीच सांगून ठेवते. त्यातच शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्याची बंदूक पोलिसांनी नेली. ठासणीची, आजाच्या वेळची, डुकरं हाकलायला ठेवलेली. परवाना नव्हता. म्हातारा कोर्टाच्या तारखांना जाऊन जाऊन अर्धा झाला. परवाना काढायचा म्हटलं तर जिल्ह्याला चपला झिजवा, आणि तरी मिळेल याची खात्री नाही. गाव पेटलं, आणि पेटणार नाही तर काय!

भाऊजींच्या डोक्यात तेव्हाच ती गोष्ट शिरली. ग्रामसभेत ठराव करायचा: आमच्या गावच्या हद्दीत पीक राखायला बंदूक ठेवायची असेल तर परवाना लागणार नाही, केंद्राचा हत्यारांचा कायदा ही ग्रामसभा मानत नाही, आणि बंदूक जप्त करायला कोणी आलं तर गाव त्याला शिवेवर अडवणार. चहाच्या टपरीवर सगळ्यांना ते हेच सांगत सुटले होते.

"तेंदूपत्त्याचा ठराव आपन केला, चालला. जंगलाचा केला, चालला. मंग बंदुकीचा काहून नाही चालनार? कायदा दिल्लीचा असन, डुकरं तं आपल्या वावरातली होत ना!"

ऐकायला गोड होतं. माझ्याही मनात एकदा आलं, बरोबरच तर बोलतायत. पण घरी येऊन भाकरीचं पीठ मळताना माझे हात थांबले. गावात 'आमच्याकडे बंदूक नाही' असं मांडीवर थाप मारून सांगणारे पुष्कळ, पण कुणाच्या कुटाराच्या, भुश्याच्या ढिगात काय दडवलंय हे सगळ्यांना ठाऊक आहे. आज ते दडवलेलं आहे म्हणून कमी निघतं. उद्या ठराव झाला की मचानामचानावर निघेल. दारू पिऊन जागलीला जाणाऱ्याच्या हातातही निघेल. तुरीत खुसपुस झाली की 'कोन हाये?' अशी हाक येईल, आणि सगळ्या शिवारात एकच माणूस असा आहे, ज्याला 'मी हाये' म्हणता येत नाही. गोफणीचा दगड चुकून बसला तर टेंगूळ येतं. बंदुकीचं काय?

पीठ तसंच ठेवून मी बाहेर आले. तो खाटेवर बसून काठीला तार गुंडाळत होता.

"भाऊजींच्या ठरावाले हात वर करू नोका बरं," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली, पण आडवी. मला वाटलं, करणार नाही म्हणतोय. मी जवळ बसले, तेव्हा तो वाऱ्यानं म्हणाला, "मी करनार हाये. मलेबी घ्याची हाये."

"तुमाले? बंदूक? कायले?"

"डबा वाजवून वाजवून हात रयला. बंदूक एक डाव वाजली की झालं. मले वरडा लागनार नाही."

ज्या गोष्टीनं त्याचा जीव जाईल म्हणून माझा जीव वरखाली होत होता, तीच त्याला हवी होती. मी त्याला समजावलं, मग ओरडले, मग रडले. तो काठीला तार गुंडाळत राहिला. माणसाचा आवाज गेला म्हणजे त्याचा हट्टही जाईल, असं थोडंच आहे!

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी महिला सभा असते. पंचायतीच्या कुलपाची किल्ली कुणाकडे आहे तेच ठरेना, म्हणून आम्ही बुद्धविहारात बसलो. मी सगळं मांडलं. कायद्यावर माझं काही प्रेम नाही, म्हणाले, कायद्यानं आम्हालाही खेपा घालायला लावल्यात. पण परवाना द्यायचा तर निदान एक माणूस विचारतो, बंदूक कोणाच्या हातात जाते, त्याला दिसतं का नीट, तो पितो का, घरात बायकोला मारतो का. आपण ठराव करून त्या विचारणाऱ्यालाच शिवेबाहेर काढून राहिलो.

एक म्हातारी आत्याबाई म्हणाली, "माहा पोरगा पेला की कुऱ्हाड शोधते. मी कुऱ्हाड पऱ्हाटीच्या ढिगात लपवतो. बंदूक कोठी लपवू वं बाई?" बायका हसल्या. सगळ्यांनी हात वर केले, बंदुका नको म्हणून. मला वाटलं, झालं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी त्याच बायका ग्रामसभेत तोंडाला पदर लावून आपापल्या नवऱ्याकडे पाहत बसल्या. मला असा संताप आला म्हणता!

सभा पंचायतीसमोरच्या मोकळ्या जागेत होती. दिवाळी होऊन गेली होती, ऊन मऊ झालं होतं. जागेला लागूनच एकाचं तुरीचं वावर होतं. तूर त्या साली माणसाच्या डोक्याच्याही वर गेलेली, पिवळ्या फुलांनी भरलेली. त्या तुरीतून आमच्या घराकडे जायची पायवाट आहे. ग्रामसेवक बिचारे शहाणे माणूस. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, हत्यारांचा कायदा केंद्राचा आहे, गावाला तो रद्द करता येत नाही, आणि ठरावाच्या भरवशावर कोणी बंदूक काढली तर तुरुंगात तो जाईल, ठराव जाणार नाही. त्यांचं कोण ऐकतंय!

भाऊजी उठले. काखेत घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. घोंगडी सोडली, तर आत त्यांच्या आज्याची ठासणीची बंदूक. ग्रामसेवक खुर्ची मागे सरकवून उठले.

"साहेब, घाबरू नोका, रिकामी हाये," भाऊजी म्हणाले. "दारूबी नाही, छर्राबी नाही. गावाले दाखवाले आनली. हे चोरीचं सामान होय काय? माह्या आज्यानं हिच्यावर अख्खं शिवार राखलं. आता हे मी कुटारात लपवाची? आपल्याच गावात?"

टाळ्या पडल्या. नवरा माझ्यापासून थोड्या अंतरावर पुरुषांच्या बाजूला बसला होता, तोही टाळ्या वाजवत होता. मी उभी राहिले.

"भाऊजी, मले एक सांगा. रातच्या वक्ताले तुरीत हाललं, तुमी इचारलं कोन हाये, अन् समोरून जबाब नाही आला. मंग तुमी काय करसान?"

"वहिनी, आमाले काय मानूस अन् डुक्कर समजत नाही?"

"माह्या घरचा मानूस काय जबाब देईन? त्याच्या गळ्यात आवाज नाही हे सगळ्याइले मालूम हाये. तो धुऱ्यावरून चालला तं त्यानं काय म्हनाव? मुक्या मानसानं जीव कसा वाचवाव, हे तुमच्या ठरावात लिहा ना मंग!"

'मुका' हा शब्द आमच्या घरात त्या दिवसापर्यंत कुणी उच्चारला नव्हता. मीही नाही. तो तोंडातून गेला आणि सगळी सभा वळून त्याच्याकडे पाहायला लागली. त्याच्या मानेवरची खूण दिसत होती, त्यानं दुपट्टा वर ओढला. मग तो उठला आणि माणसांच्या पाठीमागून निघून गेला. मला वाटलं पाणी प्यायला गेला असेल. मी बोलत राहिले, कारण मी एकदा सुरू झाले की मला थांबता येत नाही.

"वहिनी, त्याची काळजी तुमी नोका करू," भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज खरंच मायेचा होता. "मी त्याले लहानपनापासून पाहून राह्यलो. त्याची चाल मले आंधारातबी समजते. तो तुरीत असला तं मी डोये मिटून सांगीन."

मी उलटून काही म्हणणार, तेवढ्यात तुरीकडच्या अंगाला बसलेला एक जण उठून ओरडला, "डुक्कर! डुक्कर घुसलं तुरीत!"

सगळे उठले. तुरीचे शेंडे खरंच हलत होते. आधी सरळ रेषेत हलत गेले, मग आरडाओरडा सुरू झाल्यावर थांबले, मग खाली दबल्यासारखे झाले आणि भराभर एका बाजूला पळायला लागले. डुक्कर अगदी तसंच पळतं. पुरुषांनी ढेकळं उचलली. ढेकळं फेकली की तूर आणखी जोरात हलायची. बायका ओट्यावर चढल्या. मीही ओरडत होते, "तिकून घेरा, नाल्याकून!" कारण भुईमुगाचा राग माझ्या मनात होताच.

भाऊजींनी बंदूक खांद्याला लावली.

"असती भरलेली तं पाहा आता कसं जागेवर लोळवलं असतं," ते म्हणाले. एक डोळा मिटून त्यांनी हलत्या शेंड्यांवर नेम धरला. नळी शेंड्यांबरोबर सरकत गेली, थांबली, आणि त्यांनी घोडा दाबला. खट्. "ठोऽ!" ते तोंडानंच म्हणाले. लोक हसले.

तेव्हा मी सहज पुरुषांच्या बाजूला पाहिलं. त्याची जागा रिकामी होती. पाण्याच्या माठाकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं.

किंचाळायला तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज निघाला नाही.

तूर फाकली. आधी हात दिसले, मग तो. दुपट्टा कुठेतरी अडकून राहिला होता, केसांत पिवळी फुलं, गालावर ढेकळाचा लाल वळ. बंदुकीच्या नळीसमोर, अगदी समोर, तो उभा होता आणि ओठ हलवत होता.

हसू कुणी तरी मधूनच कापल्यासारखं बंद झालं. भाऊजींच्या खांद्याला बंदूक तशीच होती, ती खाली घ्यायचीसुद्धा त्यांना सुधरेना. मग ते होते तिथेच मातीत बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरून म्हणाले, "अरे बाप्पा, अरे बाप्पा." मी धावत जाऊन नवऱ्याला धरलं, त्याचे खांदे, छाती, पोट चाचपून पाहिलं. बंदूक रिकामी होती हे मला माहीत होतं. तरी चाचपलं.

ग्रामसेवकांनी विचारलं, ठरावाचं काय करायचं. भाऊजी खाली मान घालून म्हणाले, "मी वापस घेतो." एवढ्यात माझ्या शेजारी काहीतरी हललं म्हणून मी पाहिलं, तर नवऱ्यानं हात वर केला होता. ठरावाच्या बाजूनं. अख्ख्या सभेत त्या एकट्याचा हात. ग्रामसेवकांनी माझ्याकडे पाहिलं, मी सांगेन म्हणून. मी त्याचा हात धरून खाली ओढला आणि त्याला घरी घेऊन आले.

वाटेत मी त्याच्यावर भडकले. "तुमचं डोकं जाग्यावर हाये काय?" मी म्हणाले. "आता तुमाले मारलं असतं! अन् तरी हात वर? काहून? काहून सांगा ना मले!"

तो थांबला. मला जवळ ओढलं, तोंड माझ्या कानापाशी आणलं.

"लोकं डुक्कर डुक्कर वरडले," तो म्हणाला, "मले वाटलं, खरंच माह्या मांगं डुक्कर हाये. मी पयालो. मंग ढेकलं आले. मंग समजलं." श्वास घ्यायला थांबला. "मी तुले आवाज देल्ला. तुलेच देत होतो. तू वरडून राह्यली होती, तुले आलाच नाही. बंदूक असती तं तुले आला असता."

मी त्याच्या केसांत राहिलेली फुलं काढली.

ठराव मेला असं नाही. पुढच्या सभेत पुन्हा आणू म्हणणारे आहेतच, आणि डुकरंही आहेत, त्यांनी काही ठराव मागे घेतलेला नाही. आला तर मी पुन्हा उभी राहणार, पुन्हा भांडणार, यात मला शंका नाही. त्याच्या हट्टालाही मी भीक घालणार नाही. भाऊजींनी ती बंदूक पोलिसांत जमा करतो म्हटलं होतं. केली का, हे विचारायचा मला धीर होत नाही. हल्ली त्यांची हाळी आधी येते, आणि आमच्या वावरातला डबा वाजेपर्यंत ते पुन्हा पुन्हा देत राहतात.

मी एक नवीन काम लावून घेतलंय. दिवस मावळायच्या आत त्याचा डबा घेऊन वावरात जाते. तो मचानावर चढतो आणि मला हाक मारतो, त्याच्या त्या वाऱ्यानं. मी तोंड बंद ठेवून मागे मागे सरकत जाते, जिथवर ऐकू येतं तिथवर. आधी मचानाच्या पायाशीच हरवायची. आता धुऱ्यावरच्या बोरीच्या झाडापर्यंत मला ती येते, वारा पडलेला असेल तर. तिच्यापुढे मात्र येत नाही. तिच्यापुढे भाऊजींची तूर सुरू होते.